विचारून सांगते

"शर्ली आहे का?" असं फोनवरच्या बाईनं इंग्रजीत विचारलं आणि शोभाताई "हो, बोलतेय" म्हणून मोकळ्या झाल्या. एक हात थालीपिठाच्या पिठात, दुसऱ्यात फोन, आणि त्याच वेळी डोक्यावरून पिअर्सन विमानतळावर उतरणारं विमान असं खाली आलं, की कपाटातल्या वाट्या एकमेकींना धक्के देत किणकिणल्या. टोरोंटोतल्या एटोबिकोच्या त्या गल्लीत विमानाकडे कुणी मान वर करून बघत नाही. बोलणारा मधेच थांबतो, विमान जाऊ देतो आणि पुढचा शब्द उचलतो. शोभाताईही थांबल्या, आणि त्या थांबण्यात त्यांच्या ध्यानात आलं, की आपण हो म्हटलं ते खोटंही नव्हतं. एटोबिकोतल्याच एका बँकेच्या काउंटरवर त्या पंचवीसेक वर्षं शर्ली होत्या. पहिल्या दिवशी मॅनेजरनं शोभा हे नाव तोंडात घोळवून पाहिलं, त्याला ते गिळताही येईना नि थुंकताही येईना, तेव्हा त्यानं विचारलं, शर्ली म्हटलं तर चालेल का? नवी नवरी सासरचं नाव घेते तशा त्या मान खाली घालून म्हणाल्या, घरी विचारून सांगते. घरी रवींद्ररावांनी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, "चालेल की. नावात काय अडलंय, टेबल मिळालं ना?" झालं. छातीवर पितळी पट्टी आली. रिटायर झाल्यापासून त्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती, आणि आता अचानक ती हाक आली तेव्हा कपाटाच्या तळाशी गेलेला जुना कोट अंगात घालून बघावा आणि तो बसावा, तसं काहीसं झालं.

फोनवरच्या बाईचं नाव डोना. आवाज सर्दीचा, वयानं पन्नाशी ओलांडलेला. आपण टोलीडोहून बोलतोय, ओहायोतून, स्वयंसेवक आहोत, निवडणुकीला आता महिना राहिलाय, आणि शर्लीबाई, तुमचं एक मत लाखाचं आहे, असं ती एका दमात म्हणाली. शोभाताईंना चटकन कळलं. अमेरिकेतल्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा हा फोन. यादी करताना कुणाचं तरी बोट एरिया कोडातल्या नऊवर जायचं ते वरच्या सहावर गेलं, आणि टोलीडोतल्या कुणा खऱ्या शर्लीचा फोन सरोवर ओलांडून टोरोंटोच्या अंगणात पडला. बँकेत आयुष्य गेलेल्या बाईला एका आकड्याची चूक काय करते ते सांगावं लागत नाही. "राँग नंबर" हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर आलेलेही होते. पण डोनानं विचारलं, "सध्या तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?"

हा प्रश्न त्यांना कुणी विचारून किती वर्षं झाली असतील? डॉक्टर विचारतो, पण तो गुडघ्याबद्दल. मुलगा अनुप विचारतो, पण त्याच्या विचारण्यात उत्तर अगोदरच भरलेलं असतं, जसं लिफाफ्यावर पत्ता छापून येतो. पिठाचा हात तसाच हवेत धरून शोभाताई म्हणाल्या, "घराची."

"हनी," डोना म्हणाली, "सगळ्यांनाच."

आणि मग तिनं विचारलं, दोघांपैकी कुणाला मत द्यायचं ठरलंय? त्यावर त्यांच्या तोंडून जे गेलं ते इतक्या वर्षांच्या सवयीनं गेलं. "मिस्टरांना विचारून सांगते."

"आहेत का ते घरी?"

"बेसमेंटमध्ये आहेत."

आता रवींद्रराव बेसमेंटमध्ये नव्हते. ते आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये गेले होते, आणि त्यांची राख ज्या नदीत सोडली ती वाहती होती की अजून अर्धी गोठलेली, यावर अनुप आणि शोभाताईंची मैत्रीण सुनंदा हिचे मिस्टर यांच्यात काठावर उभं राहून थोडा वादही झाला होता. पण फोनवर काय सांगायचं हे अनुपनंच शिकवून ठेवलेलं होतं. "आई, फोनवर कोणालाही तू अलोन राहतेस हे सांगायचं नाही. नेव्हर. सांग, हजबंड शॉवरमध्ये आहेत, नाही तर बेसमेंटमध्ये आहेत." शॉवर त्यांना बरा वाटेना, गेलेल्या माणसाला किती वेळ ओलं ठेवायचं? म्हणून बेसमेंट. फर्नेस दुरुस्त करू म्हणणारे, खिडक्या बदलून देतो म्हणणारे, गालिचे धुणारे, सगळ्यांसाठी रवींद्रराव दीड वर्ष बेसमेंटमध्ये होते. जिवंतपणी तरी कुठे वेगळं होतं? ऑफिसातून आले, चहा घेतला, की खाली. खाली त्यांचं काम करायचं टेबल, जॅमच्या रिकाम्या बाटल्यांत मापानुसार लावलेले स्क्रू, आणि अमेरिकेतल्या बफेलोची स्टेशनं पकडणारा रेडिओ. अमेरिकेतली निवडणूक आली, की हा माणूस वर जेवायलासुद्धा ओढून आणावा लागे. "आपल्या इथली निवडणूक म्हणजे वरणभात," ते म्हणत. "पोट भरतं, पण त्यासाठी कुणी पंगत सोडून धावत नाही. खरा रस्सा सरोवराच्या पलीकडे." मत नसताना त्यांनी कितीतरी राष्ट्राध्यक्ष निवडले आणि पाडले. निकालाच्या रात्री हरलेल्या उमेदवारासारखे खांदे पाडून वर यायचे आणि दूध आहे का विचारायचे.

डोनानं फोन ठेवला. पीठ वाळून बोटांना धरलं होतं. शोभाताईंनी पाणी लावून ते मऊ केलं आणि थालीपीठ थापलं, एकच, मधे भोक पाडून, भोकात तेल सोडून. आपलं काहीतरी ठरायचं राहिलंय हे दुसऱ्याच्या कागदावर लिहिलं गेलं, याची त्यांना गंमत वाटली. मग गंमत ओसरली आणि खाली थोडी भीती उरली. घराची, असं आपण म्हटलं. तोपर्यंत ते त्यांनी स्वतःलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

घराचं असं होतं. फेब्रुवारीत शोभाताई ड्राइव्हवेवर घसरल्या. वर ताजा भुसभुशीत बर्फ, खाली काच. पडल्या त्या उताण्याच पडल्या, आणि गंमत म्हणजे दुखलं नाही; आकाश पांढरं, अंगाखाली पांढरं, आणि विमानांची पोटं एकामागून एक जात होती. चाकं बाहेर काढलेली. त्यांना नागपूरच्या उन्हाळ्यात गच्चीवर पाणी शिंपडून टाकलेल्या गाद्या आठवल्या. तशाच पडून त्या बघत राहिल्या, आणि उठावं असं त्यांना वाटेना, हे खरं भयंकर होतं. पोस्टमननं उचललं तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, मिस्टर बेसमेंटमध्ये आहेत. पोस्टमननं बिचाऱ्यानं जिन्याच्या तोंडाशी उभं राहून हाका मारल्या. हे अनुपला कळलं आणि त्या दिवसापासून त्याच्या कपाळावर एक आठी आली ती आलीच. त्याचं ब्रॅम्पटनमध्ये मोठं नवं घर. त्यानं बेसमेंट नीट करून घेतलं, वेगळं दार, वेगळं वॉशरूम, हाताला धरायला दांड्या. हे घर विकायचं आणि आईनं तिथे यायचं. मुलगा वाईट नव्हता. शनिवारी येताना बायकोनं, गौरांगीनं, केलेल्या भाज्यांचे डबे आणायचा, छताच्या पन्हळीतली पानं काढायचा, विंटर टायर बदलून द्यायचा. फक्त त्याला उत्तर हवं होतं, आणि आई म्हणायची, "विचारून सांगते."

पहिल्यांदा तो हसला. दुसऱ्यांदा तो हसला नाही. तिसऱ्यांदा, सप्टेंबरात, तो खुर्ची ओढून समोर बसला आणि लहान मुलाला विचारावं तसं म्हणाला, "आई, कोणाला विचारून?" शोभाताईंना आपलं काय चुकलं ते कळलं, पण वेळ गेली होती. गौरांगी रुग्णांना व्यायाम शिकवायची, तिच्या ओळखीत मेमरी क्लिनिक होतं. "आई, एक रुटीन चेकअप करून घेऊ या का? काही नाही हो, चित्रं ओळखायची असतात, घड्याळ काढायचं असतं." तिचा आवाज इतका गोड झाला, की शोभाताई चहाचं बघते म्हणून उठल्या. आता घर राखायचं असेल तर कारण द्यायला हवं होतं, आणि कारण म्हणावं असं त्यांच्याकडे काही नव्हतं. रवींद्ररावांना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते हे मात्र त्यांना शब्दाशब्दानं ठाऊक होतं. "विकून टाक. गुडघे तुझे, बर्फ देवाचा. घर म्हणजे विटा." त्यांची सगळी उत्तरं अशी त्यांच्यापाशी तयार होती, खालच्या त्या बाटल्यांसारखी, मापानुसार. आपली एकही बाटली तिथे नाही हे त्यांच्या लक्षात यायला डोनाचा दुसरा फोन यावा लागला.

तो आला कॅनडाच्या मतदानानंतर. मतदान म्हणजे नेहमीसारखं, शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबलं मांडून. इतकी वर्षं ती दोघं बरोबर जायची. घरातून निघताना बूट घालता घालता रवींद्रराव सांगायचे, "आज तो अमका," आणि शोभाताई किराण्यात दूधही आणायचंय हे जसं लक्षात ठेवावं तसं ते नाव लक्षात ठेवायच्या. या खेपेला त्या एकट्या गेल्या. खोक्याच्या आडोशाला उभ्या राहिल्या, दोरीला बांधलेली पेन्सिल हातात घेतली, आणि नावं वाचली. चार माणसं. चौघांचंही त्यांच्याशी काही वाकडं नव्हतं. मागे कुणीतरी खोकलं. मग पेन्सिल आपली आपण त्या नावापाशी गेली जे नाव रवींद्ररावांनी सांगितलं असतं. पाहुणा नसताना चुकून दोन कप चहा टाकला जातो तशी. बाहेर आल्यावर पानगळ इतकी लालभडक होती, की त्यांना ती उगाचच आपल्यावर रागावल्यासारखी वाटली.

"मग, विचारलंत मिस्टरांना?" डोनानं विचारलं.

"विचारलं. त्यांचा कल म्हाताऱ्याकडे आहे," शोभाताई म्हणाल्या. "तो सैन्यात होता. ह्यांना शिस्त आवडते."

"आणि तुमचा?"

शोभाताई फोनच्या वायरीचं वेटोळं बोटाला गुंडाळत राहिल्या. दोन उमेदवार टीव्हीवर रोज दिसत. एक पिकलेला, खांदे आखडलेला, दुसरा उंच, सावळा, शब्द तोलून टाकणारा. त्यांच्याविषयी मत असणं ही रवींद्ररावांची खोली होती, आणि त्या खोलीत जाताना त्या अजून दारावर टकटक करत होत्या.

"सॉरी, उगाच घाई करत नाही मी," डोना म्हणाली. "माझ्या यादीत तुमच्यासारखी फार माणसं उरली नाहीत. बाकी सगळे एकतर फोन आपटतात, नाहीतर भाषण देतात. तुम्ही विचार करता. करा. मी थांबते."

थांबते. शोभाताईंच्या न ठरण्यासाठी आजवर कुणी थांबलं नव्हतं. त्या काही ठरवत नाहीत म्हणजे त्यांना चालतं, असाच अर्थ सासरी झाला, बँकेत झाला, घरी झाला. आणि इथे एक सर्दी झालेली परकी बाई सरोवरापलीकडे पेन घेऊन बसली होती. त्या संध्याकाळी त्या खाली गेल्या. जिन्याची शेवटची पायरी करकरली. टेबल, बाटल्या, रेडिओ, खिळ्याला अडकवलेलं त्यांचं कोपरं झिजलेलं मातकट कार्डिगन. "अहो," त्या कार्डिगनला म्हणाल्या, "ती बाई माझं विचारतेय." रवींद्ररावांची सगळी उत्तरं त्यांना माहीत होती, पण तुला काय वाटतं, हा प्रश्न त्यांनी शोभाताईंना कधी विचारलाच नव्हता, त्यामुळे त्याचं उत्तर त्या भांडारात नव्हतं. त्यांनी वर बघितलं. वर बेसमेंटची खिडकी, छताला टेकलेली, हातभर. तिच्यातून ड्राइव्हवेची कड दिसत होती आणि वाळलेलं एक पान. ती खिडकी त्यांनी शेकडो वेळा पुसली होती, पण तिच्यातून बाहेर पाहिलं नव्हतं; पुसणारा काच बघतो.

दिवाळीच्या फराळाला सुनंदाकडे गेल्या तर तिथेही हेच. सुनंदाचे मिस्टर राजन, दोन कार्डिऑलॉजिस्ट, नुकतंच पुण्याहून आलेलं एक आयटीवालं जोडपं, सगळे सोफ्यावर अमेरिका वाटून घेत होते. कॅनडात दोन आठवड्यांपूर्वी निवडणूक होऊन गेली हे कुणाच्या गावीही नव्हतं.

"आतून गोरे लोक त्या सावळ्याला मत देणार नाहीत," राजन चकली मोडत म्हणाले. "पोलमध्ये हो म्हणतात. पडदा ओढला की हात थरथरतो. लिहून घ्या."

"राजन, आपल्यातल्या कितीजणांनी त्याला जावई करून घेतला असता ते आधी लिहून घे," सुनंदा आतून म्हणाली. सगळे हसले आणि हसणं जरा लवकर थांबलं.

"मला एकच वरी आहे," पुण्याचा मुलगा म्हणाला. "माझी कंपनी बफेलोला. तिथलं मार्केट पडलं, की इथे आमची डेस्कं रिकामी. मत त्यांचं, ले-ऑफ आमचा."

"आमच्या रिटायरमेंटचं तर पाणी झालं," एक डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी लाडू परत ठेवला, जणू तोही शेअर होता.

"शोभा, तुझं काय?" सुनंदानं विचारलं. "नाही, तुला काय विचारायचं म्हणा. रवींद्र असते तर आत्ता टेबलावर चढले असते."

शोभाताई म्हणाल्या, "माझं अजून ठरलेलं नाही." हे इतकं सरळ निघालं, की राजन चकली मोडायचे थांबले. टोलीडोतल्या डोनाची आठवण होऊन त्यांना हसू आलं, ते त्यांनी चिवड्यात लपवलं. परतताना सुनंदानं गाडीच्या खिडकीशी वाकून हळूच म्हटलं, "अनुपचा फोन आला होता गं. तू ठीक आहेस ना?" म्हणजे चौकशी तिथपर्यंत पोचली होती.

तिसरा फोन लांबला. डोनाची सर्दी आता छातीत उतरली होती. निवडणुकीचं तिनं थोडंसं विचारलं आणि मग ती आपलंच बोलत बसली, दुपारी माणसं बोलतात तसं. काचेच्या कारखान्याच्या ऑफिसात होती ती, कारखान्यानं माणसं कमी केली. हप्ते थकले, घर बँकेनं घेतलं. तिच्या गल्लीत पाच घरं रिकामी, गवत कमरेएवढं, त्यातल्या एकात कोल्हा राहतो म्हणतात. आता ती बहिणीकडे राहते. "बहीण चांगली आहे," डोना म्हणाली. "मला तिनं खालचा मजला दिलाय, बेसमेंट. गरम असतं. सगळं आहे. फक्त खिडकीतून पाय दिसतात."

"काय दिसतात?"

"पाय. लोकांचे बूट. कोण आलं ते बुटांवरून ओळखायचं. मेव्हण्याचे ब्राऊन, भाच्याचे लाल. परवा सकाळी मी उठले आणि माझ्या लक्षात आलं, की एक आठवडा मी कुणाचं तोंड बघितलेलं नाही. तसं जेवायला वर जाते हो मी. पण तोंड वर करून कुणाकडे बघायचं राहून जातं. पाहुण्यासारखं होतं ना." ती खोकली. "जाऊ दे. तुमचे मिस्टर कसे आहेत?"

"खालीच असतात," शोभाताई म्हणाल्या. त्यांच्या कानात मात्र बूट वाजत होते. बर्फ झटकण्यासाठी पायपुसण्यावर आपटलेले बूट, अनुपचे, गौरांगीचे. ब्रॅम्पटनच्या त्या खालच्या खोलीत त्या दोनदा जाऊन आल्या होत्या. भिंती लोण्याच्या रंगाच्या, दिवे छान, गौरांगीनं कौतुकानं देवघराला कोनाडा करून घेतलेला. त्यांनी सगळं बघितलं होतं आणि छान छान म्हटलं होतं. खिडकी कशी होती? छताला टेकलेली, हातभर. आणि इथे, स्वयंपाकघरात, सिंकच्या वर, विमानांची पोटं. दिवसभर माणसं भरून येतात. शेजारच्या फिलिपिनो बाईचं तोंड कुंपणावरून दिसतं. पोस्टमनचं तोंड दिसतं. पडल्या तेव्हासुद्धा, म्हटलं तर, त्या वरच बघत होत्या. त्यांना एकदम वाटलं, आपण त्या दिवशी उठत नव्हतो ते मरायला टेकलो होतो म्हणून नसेल. उठून कुणाला सांगायचं, हे ठरत नव्हतं म्हणून असेल. फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या सिंकपाशी उभ्या राहिल्या. टोलीडोत कुठेतरी खरी शर्ली बसली असेल. तिच्या दारावर कुणी आलं नसेल, तिला कुणी विचारलं नसेल, तिच्या वाटणीचं हे थांबणं आपण खाऊन बसलो. पहिल्यांदाच त्यांना त्या खोटेपणाची टोचणी लागली.

चार नोव्हेंबरला, मंगळवारी, अनुप अर्धी रजा टाकून आला. बरोबर घरांचा दलाल होता, तो गाडीतच बसून राहिला. डिकीतून विक्रीच्या पाटीचा खांब थोडा बाहेर आला होता. दुपार उन्हाची, नोव्हेंबरला न शोभणारी. अनुपनं बूट काढले नाहीत. तो टेबलाशी बसला, उठला, परत बसला.

"आई, मार्केट रोज खाली चाललंय. आत्ता नाही तर मग स्प्रिंगला कोण विचारणार नाही. मी फोर्स नाही करत. पण विंटर येतोय, आणि मला प्रत्येक स्नोफॉलला रात्रभर झोप नाही येत. यू नो दॅट."

"माहितीये रे."

"मग? आज तरी विचारून सांगते म्हणू नकोस. प्लीज."

आणि फोन वाजला. अनुपनं हात पुढे केला, पण शोभाताई फोनच्या जवळ होत्या.

"शर्ली, हनी, आज दिवस आला," डोना म्हणाली. मागे वीस-पंचवीस माणसं एकदम फोनवर बोलत होती, मंडईसारखा आवाज. "मत दिलंत का? गाडी पाठवू का? तुम्हाला आणि मिस्टरांना? ते म्हाताऱ्याला देणार असले तरी पाठवते, माझा शब्द."

"डोना," शोभाताई म्हणाल्या. इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं, काउंटरवरचं, स्वच्छ. आज ते थोडं अडखळलं. "मिस्टर नाहीत. ते गेले. दीड वर्ष झालं."

अनुपनं मान वर केली.

"आणि तुमच्या कागदावरचा माझा आकडा चुकलाय. चारशे सोळा नव्हे, चारशे एकोणीस असणार. पुढचे तेच असतील. तिथे फोन करा, अजून वेळ आहे. त्या बाईला कुणीच विचारलेलं नाही."

मागची मंडई चालूच राहिली.

"मग मी इतके दिवस कुणाशी बोलत होते?"

"शोभा," शोभाताई म्हणाल्या. "मी शोभा. कॅनडात राहते. एकटी."

"कॅनडात." डोनाला खोकला आला की हसू, ते कळेना. "म्हणजे तुम्हाला मतसुद्धा नाही. आणि मी तुम्हाला माझ्या यादीतल्या सगळ्यात चांगल्या म्हणून ठेवलं होतं." थोड्या वेळानं तिनं विचारलं, आणि त्यात राग नव्हता, खरोखरीचं कुतूहल होतं, "मग हनी, तुम्ही ठरवत काय होतात?"

शोभाताईंनी अनुपकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरच्या आठीत रवींद्ररावांची आठी बसली होती, तीच जागा, तेच वळण. "ते ठरलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही आज घरी गेलात की वर बसा, डोना. बहिणीला सांगा, खुर्ची ठेव म्हणून." आणि फोन ठेवला.

घरात फर्नेस सुरू झाल्याचा आवाज आला. विमान आलं, वाट्या किणकिणल्या, विमान गेलं. अनुप म्हणाला, "हे काय होतं?"

"राँग नंबर."

"आई, तिला पण तू सांगितलं होतंस, बाबा बेसमेंटमध्ये आहेत?"

"तूच शिकवलंस."

तो हसायला गेला आणि ते हसू अर्ध्यावर राहिलं. "म्हणजे तू इतके दिवस मला पण... आय थॉट... गौरांगी आणि मी, आम्हाला वाटलं..."

"मला घड्याळ काढता येतं रे," शोभाताई म्हणाल्या. "काटे कुठे लावायचे तेही येतं. सवय होती. तुझ्या बाबांना विचारायची."

बाहेर दलालानं हॉर्न दिला, हलकासा, सभ्य. अनुपनं खिडकीबाहेर पाहिलं. "मग विचारलंस?" हे त्यानं चिडून म्हटलं की हरून, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"विचारलं. ते जा म्हणतात. घर म्हणजे विटा, म्हणाले. ते तुझ्या बाजूचे आहेत, त्यांचं मत तुला." त्यांनी पदरानं टेबलावरचा एक डाग पुसला, तो नव्हताच. "मी नाही जाणार. त्यांना ने हवं तर. कार्डिगन खाली खिळ्याला आहे."

अनुप उभा राहिला. आता तो आपल्या मुद्द्यांवर येईल, बर्फ, गुडघे, पोस्टमन, असं त्यांना वाटलं. बर्फ पडणार होता, गुडघे त्यांचेच होते. पण तो बूट घालूनच बेसमेंटच्या जिन्याकडे गेला आणि खाली उतरला. शेवटची पायरी करकरली. मग खालून बाटल्यांतले स्क्रू वाजल्यासारखं झालं, कुणीतरी एक उचलून परत ठेवावी तसं.

दारावरची बेल वाजली. दलालाला कंटाळा आला असणार.

"आई, थांब," खालून अनुपचा आवाज आला. "मी त्याला सांगतो. मी येतो."

"असू दे," शोभाताई म्हणाल्या. "मीच सांगते." आणि दार उघडायला गेल्या.